ओल्या चादरीची डॉक्टरीण

1838 साली बॉस्टनमध्ये मेरी गोव्ह या 28 वर्षांच्या बाईने फक्त बायकांसाठी शरीरशास्त्रावर व्याख्यानं सुरू केली. फुफ्फुसं, हाडं, घट्ट कॉर्सेटने, म्हणजे कंबर आवळणाऱ्या अंतर्वस्त्राने, दबणाऱ्या बरगड्या, सगळं उघड बोलायचं. अर्थातच बोभाटा झाला. तिच्याकडे पदवी नव्हती, आणि असणार तरी कुठून? अमेरिकेत पहिल्या स्त्रीला, एलिझाबेथ ब्लॅकवेलला, वैद्यकीय पदवी मिळायला 1849 उजाडलं. मेरी शिकली ती भावाची वैद्यकाची पुस्तकं वाचून.

पदवीधर डॉक्टर तेव्हा काय करत होते, हेही बघायला हवं. ताप आला की शीर कापून रक्त काढायचं आणि कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, द्यायचं. तोंडाला लाळ सुटली की औषध लागू पडलं असं मानत. खरं तर ते पाऱ्याच्या विषबाधेचं लक्षण! हिरड्या सडायच्या, दात पडायचे.

मेरीने 1840 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जलोपचार सुरू केले. मूळ पद्धत मध्य युरोपातल्या सायलेशिया प्रांतातल्या ग्रेफेनबर्गच्या प्रीसनिट्झ या शेतकऱ्याची. थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या चादरीत रोग्याला गुंडाळायचं आणि वरून घोंगड्या. आधी हुडहुडी भरते, कारण त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. घोंगड्यांमुळे वाफ बाहेर जाऊ शकत नाही. अंगाच्या उष्णतेने चादर तापते, रक्तवाहिन्या पुन्हा रुंदावतात, घाम येतो आणि माणूस गाढ झोपतो. मेरीच्या मते यातून शरीरातला ‘दोष’ बाहेर पडे. तसं काही घडत नाही. घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असतं. शरीरातली टाकाऊ द्रव्यं काढायचं काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात.

आहारात मांस नाही, चहा-कॉफी नाही, मसाले नाहीत. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा पाव, फळं, भाज्या. सिल्व्हेस्टर ग्रॅहम या अमेरिकन आहारसुधारकाचा हा आहार तिने उचलला होता. त्यातला चोथा बद्धकोष्ठाला आजही चालेल असा उपाय आहे. मसाल्यांवरचा राग मात्र निव्वळ नैतिक होता: मसाले वासना चेतवतात, अशी ग्रॅहमची समजूत. आपण कोल्हापूरकरांनी ती मनावर घेऊ नये.

मग रोगी बरे का वाटत? बरेच आजार आपोआप ओसरतात. इथे त्यांना भरपूर पाणी, झोप, मोकळे कपडे मिळत आणि मुख्य म्हणजे पारा पोटात जात नसे. माझ्या मते पाण्यापेक्षा हे पथ्यच मोठं. ‘उपचार न घेतलेल्या’ रोग्यांशी तुलना करायची रीत तेव्हा रुळलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय चादरीला गेलं. क्षयावर मात्र चादरही निरुपयोगी आणि कॅलोमेलही. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1882 साली दाखवला आणि त्यावर चालणारं पहिलं प्रतिजैविक 1940 च्या दशकात आलं.

1851 मध्ये मेरीने दुसरा नवरा थॉमस निकोल्स याच्यासोबत जलोपचार शिकवणारी संस्था काढली. तिथे पुरुषांच्या बरोबरीने बायकांनाही प्रवेश होता.