‘मोडी’ अडकली? आधी शून्य तपासा

(आमचं ओआरचं, म्हणजे ऑपरेशन्स रिसर्चचं, सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्राध्यापक आणि लॅब असिस्टंटसाठी)

सत्र परीक्षा जवळ आली की आमच्याकडे एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. ट्रान्सपोर्टेशनचं (कमीत कमी खर्चात कुठल्या कारखान्यातून कुठल्या गोदामात किती माल पाठवायचा, या गणिताचं) पहिलं सोल्यूशन भरलं, ते सुधारणाऱ्या ‘मोडी’ (मॉडिफाइड डिस्ट्रिब्यूशन) पद्धतीवर क्लिक केलं आणि ‘अलोकेशन अपुरी आहेत’, म्हणजे माल वाटून भरलेले सेल कमी आहेत, असा लाल संदेश आला. सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करून तो जात नाही. कृपया तसं करूच नका; मुलांचं अर्धवट काम पुसलं जातं, ते वेगळंच.

शून्याचं अलोकेशन निराळं आणि रिकामा सेल निराळा. मुलं दोन्ही एकच धरतात.

समजा, तीन कारखान्यांचा सप्लाय 20, 30, 25 आणि चार गोदामांची डिमांड 20, 15, 25, 15 आहे. नॉर्थ-वेस्ट कॉर्नरने (वरच्या डाव्या कोपऱ्यापासून भरत जायच्या पद्धतीने) पहिल्याच सेलमध्ये 20 बसले की पहिली रो आणि पहिला कॉलम एकदमच संपतात. पुढे 15, 15, 10, 15. झाली पाच, हवीत रो अधिक कॉलम वजा एक, 3+4−1, म्हणजे सहा. सहाव्याशिवाय मोडीला लागणारे सगळे यू (रोचे आकडे) आणि व्ही (कॉलमचे आकडे) निघतच नाहीत. पहिल्या रोच्या दुसऱ्या सेलमध्ये 0 टाइप करा, काम पुढे सरकेल. पण शून्य कुठेही टाकून चालत नाही. दुसऱ्या रोच्या चौथ्या सेलमध्ये टाकलंत तर मोजायला सहा होतात खरे, पण तिथे भरलेल्या सेलचा बंद लूप होतो आणि पहिली रो तुटलेलीच राहते.

‘मग सॉफ्टवेअरच शून्य का भरत नाही?’ भरेल की! पण नुसतं उत्तरच हवं असेल तर एक्सेलचा सॉल्व्हर आहेच. डिजनरसी (अलोकेशन अशी कमी पडणं) आम्ही गुपचूप उरकली, तर पेपरात ती समोर आल्यावर मुलांनी काय करायचं? तासाला वेळ कमी असेल तर शिक्षक आवृत्तीत ‘इशारा’ चालू करा. शून्य चालेल ते सेल पिवळे दिसतात; भरायचं मात्र मुलांनीच.

खर्चाच्या टेबलात उलटी गंमत होते. रस्ता बंद म्हणून तिथे 0 लिहितात आणि सगळा माल त्याच फुकटच्या रस्त्याने जाऊ लागतो. तिथे मोठा एम, म्हणजे अवाढव्य खर्च, लिहा.

डिजनरसीची स्वतंत्र उदाहरणमाला शिक्षक आवृत्तीसोबतच मिळते. प्रत्येक रोल नंबरला आकडे वेगळे, त्यामुळे शेजारच्याचं बघून उपयोग नाही. एवढं करूनही अडलंच, तर फोनआधी टेबलाची फाइल ईमेल करा. मोबाइलवर काढलेल्या तिरक्या फोटोतला 0 आम्हालाही दिसत नाही.