चिमट्यातली बोटभर फट

डांबरावर सुसाट पळणारी, पण मध्येच दोन-चार किलोमीटर मुरूम किंवा पसरून ठेवलेली खडी लागली तर उतरून ढकलावी न लागणारी स्टीलची सायकल घ्यायची म्हटलं, की कानावर नावांचा मारा होतो. एन्ड्युरन्स, ऑल-रोड, ग्रॅव्हल, टूरिंग. नावं बाजूला ठेवा आणि पुढच्या टायरचा माथा आणि त्यावरचा चिमट्याचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुपायी फोर्कचा, सांधा यांच्यामध्ये करंगळी जाते का ते बघा. ती फट एकेकाळी प्रत्येक सायकलीला होती, मग ती गेली आणि अलीकडे परत आली. स्टीलच्या रोड बाइकचा निम्माअधिक इतिहास तिच्या या जाण्यायेण्यात सामावलेला आहे.

सुरुवातीला ‘मिश्र रस्ता’ असा वेगळा प्रकारच नव्हता, कारण सगळेच रस्ते तसे होते. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत १८९१ साली झाली आणि टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली, तेव्हा गावाबाहेर डांबर क्वचितच दिसे. डोंगरातल्या घाटवाटा म्हणजे गुरांच्या आणि बैलगाड्यांच्या वाटा. त्या काळातला एक प्रसंग सायकलवाल्यांच्या गप्पांत हमखास निघतो, आणि तो निघायलाच हवा. १९१३ च्या टूरमध्ये यूजीन क्रिस्तोफ पिरेनीज पर्वतातल्या तूर्माले घाटाच्या उतारावर होता आणि त्याच्या सायकलीचा चिमटा मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही, असा नियम. सायकल खांद्यावर टाकून तो सुमारे चौदा किलोमीटर चालत सेंत-मारी-द-काँपां या गावात पोहोचला, लोहाराची भट्टी शोधली आणि शर्यतीच्या पंचांच्या नजरेसमोर स्वतःच्या हातांनी चिमटा जोडून पुढे निघाला. भाता मात्र लोहाराच्या पोराने हलवला होता, म्हणून वर दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो तीन मिनिटांवर आणला गेला. एवढं होऊनही क्रिस्तोफ शेवटी सातवा आला.

चिमट्याने त्याला पुन्हा एकदा दगा दिला. १९१९ मध्ये, शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याची, टूरमधली पहिलीवहिली पिवळी जर्सी अंगावर असताना, उत्तरेकडच्या दगडी फरसबंदीवर तो परत मोडला आणि जिंकत आलेली शर्यत हातची गेली. या गोष्टीतून ‘स्टील कुठेही, कुणालाही जोडता येतं’ असा निष्कर्ष लोक काढतात. तो खरा आहे. पण ते स्टील मोडलंही होतं, दोनदा, हे सांगायचं राहून जातं.

मोडू नये म्हणून जाड नळी वापरावी, तर सायकल जड होते. या पेचावरचा तोडगा बर्मिंगहॅममध्ये खिळे बनवणाऱ्या एका घराण्यात निघाला. आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये अशा नळीचं पेटंट घेतलं, जिची भिंत दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. बाहेरून बघितलं तर नळी सरळसोट, फरक सगळा पोटात. जोड टोकांना येतो, झाळताना उष्णता तिथेच लागते, ताणही तिथेच जास्त, म्हणून धातू तिथे ठेवायचा आणि मधला काढून टाकायचा. आजही चांगल्या फ्रेमच्या माहितीत ०.८/०.५/०.८ मिलिमीटर असे तीन आकडे दिसतात, ते याच कल्पनेचे. १९३५ मध्ये रेनॉल्ड्सने मँगनीज-मॉलिब्डेनम मिश्रधातूची ५३१ ही नळी बाजारात आणली आणि पुढची चाळीसेक वर्षं चांगली सायकल म्हणजे ५३१ असं समीकरण होऊन बसलं. जग्वार ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही हीच नळी होती.

५३१ ला फार तापवलेलं सोसत नाही. म्हणून नळ्या थेट वेल्ड न करता लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या टोपणात, बसवून पितळेने किंवा चांदीच्या मिश्रणाने झाळायच्या. जुन्या फ्रेमवरचे ते नक्षीदार सांधे दिसायला देखणे खरेच, पण लग ठरावीक मापांत आणि ठरावीक कोनांत मिळत. वरची दांडी २५.४ मिलिमीटर, खालची २८.६, हे माप कित्येक दशकं हललं नाही, त्यामागे लगही होते. हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

मिश्र रस्त्यांसाठी सायकल कशी असावी, याचा खरा विचार केला तो फ्रेंचांनी, आणि तोही शर्यतवाल्यांनी नव्हे तर भटक्यांनी. सेंत-एत्येन गावचे पॉल द विवी, टोपणनाव व्हेलोसिओ, १८८७ पासून सायकलींचं मासिक चालवत. गिअर बदलता यायला हवेत, हा त्यांचा ध्यास. टूरच्या आयोजकांना गिअर म्हणजे म्हाताऱ्यांचे लाड वाटत. टूरमध्ये डिरेलरला, म्हणजे साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेऊन गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, मुभा मिळाली ती १९३७ मध्ये, व्हेलोसिओ जाऊन सात वर्षं झाल्यावर. याच भटक्या परंपरेतून आलेक्स सिंगर आणि रेने हर्स यांच्यासारखे कारागीर पुढे आले. त्यांच्या सायकलीत मडगार्ड, दिवे आणि पुढचं कॅरियर हे मागाहून डकवलेले नसत, फ्रेमचा विचार करतानाच ते जागेवर असत. चाकं बहुधा ६५०बी मापाची, म्हणजे रिमचा व्यास ५८४ मिलिमीटर. रिम थोडी लहान घेतली की रुंद टायरला आणि त्यावरच्या मडगार्डला जागा मिळते. म्हणजे बोटभर फट तिथे चुकून राहिलेली नव्हती, आखून ठेवलेली होती. इंग्लंडातही १९५५ साली लिओमिन्स्टरमध्ये रफ-स्टफ फेलोशिप नावाची मंडळी जमली. ती साध्या टूरिंग सायकलींवर डोंगरवाटा पालथ्या घालायची, प्रसंगी सायकल डोक्यावर घेऊन.

मग रस्ते सुधारले आणि सायकली बिघडल्या. हे माझं मत, पण त्याला मोजमापाचा आधार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात डांबर पसरत गेलं, शर्यतीची सायकल हाच सगळ्यांचा आदर्श झाला आणि सत्तरच्या दशकात अमेरिकेत सायकलींची लाट आली. त्या लाटेतल्या बऱ्याच सायकलींना अजून २७ इंची चाकं आणि सव्वा इंची टायर होते. ऐंशीच्या दशकात टायर २३, २० आणि काहींच्या बाबतीत १८ मिलिमीटरपर्यंत आले. अरुंद आणि दगडासारखा फुगवलेला टायर वेगवान, ही समजूत पक्की झाली. टायर बारीक, म्हणून ब्रेक आखूड, म्हणून फ्रेम घट्ट. शर्यती सायकलीच्या ब्रेकचा आवाका ३९ ते ४९ मिलिमीटरवर स्थिरावला. तेवढ्यात २५ चा टायर सुखाने बसतो, २८ चा बसला तर नशीब, आणि मडगार्डचं नाव काढू नका. जुनी शर्यती स्टील फ्रेम स्वस्तात मिळाली म्हणून घेणारे इथेच फसतात, मीही फसलो आहे. २८ चा टायर दुकानात बसला, पण पहिल्या ओल्या चिखलात चिमट्याला घासू लागला आणि दोन किलोमीटरमध्ये चाक जाम. ४७ ते ५७ आवाक्याचे ब्रेक घेणारी फ्रेम असती, तर ३२ चा टायर आरामात बसला असता. हे ताडायला एक पट्टी पुरते: ब्रेकच्या बोल्टपासून रिमच्या ब्रेक लागणाऱ्या कडेच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं.

स्टीलच्या सायकलीवर टूर जिंकणारा शेवटचा स्वार मिगेल इंदुराइन, साल १९९४. त्यानंतर शर्यतीतून आधी ॲल्युमिनियमने आणि मग कार्बनने स्टीलला बाहेर काढलं. पण शर्यतीतून सुटका झाली, हेच स्टीलच्या पथ्यावर पडलं. ब्रिजस्टोन कंपनीच्या अमेरिकी शाखेत ग्रँट पीटरसन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रोड बाइकच्या बांध्याला २६ इंची रुंद टायर लावून बघितले होते. ती शाखा १९९४ मध्ये बंद झाल्यावर त्यांनी रिव्हेंडेल ही स्वतःची छोटी कंपनी काढली आणि रुंद टायरची स्टील सायकल हट्टाने विकत राहिले. इटलीत तस्कनीचे पांढऱ्या मातीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ मध्ये गायोले गावी लेरोइका ही सायकलफेरी सुरू झाली: जुन्या सायकलींवर, जुन्या रस्त्यांवर. २००७ पासून त्याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यत होते. दरम्यान सायकल-मासिकाचे संपादक यान हायने यांच्यासारख्यांनी टायरच्या चाचण्या घेऊन दाखवलं की लवचीक बांधणीचा रुंद टायर कमी हवेवरही मागे पडत नाही, कारण खडबडीत रस्त्यावर स्वाराचं अंग हादरण्यातच बरीच ताकद वाया जाते. आज व्यावसायिक स्वारही डांबरावर २८ ते ३२ चे टायर लावतात. वीस वर्षांपूर्वी कुणी हे सांगितलं असतं, तर लोक हसले असते.

फट परत येण्यात आणखी दोन गोष्टींचा हात होता. एक डिस्क ब्रेक. ब्रेक चाकाच्या आसाजवळ गेल्यावर टायरच्या माथ्यावर आवाक्याचं बंधन उरलं नाही. दुसरी नळी. नव्वदच्या दशकात आलेली रेनॉल्ड्स ८५३ वेल्ड केल्यावर सांध्याजवळ दुबळी होण्याऐवजी आणखी कणखर होते. नळीला थेट नळी जोडणाऱ्या टिग वेल्डिंगने लग गेले, आणि लगबरोबर मापांची आणि कोनांची बंधनंही गेली. आता हवी तशी लांब, हवी तेवढी जागा सोडलेली फ्रेम करता येते. मात्र डिस्कचा सगळा जोर चिमट्याच्या एकाच पायावर येतो, म्हणून तो पाय जाड करावा लागतो. जुना चिमटा खाली निमुळता होत पुढे वळायचा आणि धक्क्याला थोडा लवायचा, ते गेलं.

इथे नळीवरच्या स्टिकरबद्दल दोन शब्द. ५३१ असो, ८५३ असो की क्रोमोली हे साधं क्रोमियम-मॉलिब्डेनमचं स्टील, स्टीलचा ताठपणा सगळीकडे सारखाच असतो. महागड्या मिश्रधातूची ताकद जास्त, म्हणून भिंत पातळ करता येते, फायदा एवढाच. फ्रेम कशी वागेल, हे नळीचा व्यास आणि भिंतीची जाडी ठरवते. आणि ‘स्टील धक्के खातं’ हे तर अर्धसत्य. धक्के मुख्यतः टायर खातो. २५ चा टायर लावलेली भारीतली स्टील फ्रेम खडीवर दात वाजवते, आणि ३८ चा टायर लावलेली स्वस्त फ्रेम निवांत जाते.

स्टीलचं एक सुख मात्र अस्सल आहे. मागचं चाक जिथे बसतं त्या दोन खोबणींमधलं अंतर जुन्या फ्रेमला १२० किंवा १२६ मिलिमीटर असतं, नंतरच्या रिम-ब्रेकवाल्या सायकलींना १३०. स्टीलची मागची दांडकी जपून वाकवून हे अंतर वाढवता येतं, म्हणजे जुन्या फ्रेमला नवं चाक बसतं. कार्बनला असं केलं तर ती फ्रेम संपली. गंजाचं दुःखही तितकंच अस्सल. कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत गंज आतून लागतो, म्हणून फ्रेम नवी असतानाच नळ्यांच्या पोटात तेल किंवा मेण सोडायचं आणि सीटपोस्टला दर पावसाळ्याआधी ग्रीस लावायचं.

आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे. ‘स्टीलची सायकल’ म्हटलं की डोळ्यांसमोर दूधवाल्याची काळी, दांड्यांच्या ब्रेकची सायकल येते, म्हणून अलॉयची सायकल उंची आणि लोखंडी कमअस्सल असा हिशेब झाला आहे. ती इंग्रजी रोडस्टरची वंशज. मद्रासच्या टीआय सायकल्सने १९४९ पासून, आणि मग सोनीपत-लुधियानाच्या कारखान्यांनी, ती घराघरांत नेली. तिच्यात साधं जाड स्टील असतं, वजन वीस किलोच्या आसपास, पण बांधा बघा: चिमटा चांगलाच पुढे झुकलेला, चाकं लांब अंतरावर, टायर दीड इंची. पोस्टमन, दूधवाले आणि शाळेत जाणारी पोरं तिच्यावरून नांगरटीच्या कडेने, पांदीतून, गाडीवाटेने गेली आणि ‘मिश्र रस्ता’ हा शब्द कुणालाही लागला नाही.

तिची रिम ६३५ मिलिमीटरची असते आणि त्या मापात हलका, लवचीक टायर मिळणं जवळपास अशक्य. म्हणून काही जण त्याच फ्रेममध्ये ६२२ ची, म्हणजे ७००सी चाकं बसवतात. ब्रेकची व्यवस्था नव्याने करावी लागते, चाकांचा आऊट काढायला चांगला हात लागतो आणि वजन काही फार उतरत नाही. टायर तेवढाच रुंद ठेवला, तर फट मात्र आणखी साडेसहा मिलिमीटरने वाढते.