अपघातातील दोषाची टक्केवारी : जखमींच्या भरपाई दाव्यांची पार्श्वभूमी

मोटार अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी जी लेखी कैफियत दाखल करते, तिच्यात एक वाक्य जवळजवळ ठरलेले असते : अपघातास अर्जदार स्वतःही जबाबदार आहे. समोरची गाडी चुकीच्या बाजूने आलेली असो, सिग्नल तोडून आलेली असो किंवा मागून धडकलेली असो, हे वाक्य सहसा गळत नाही. वकिलांच्या बोलण्यात त्याला ‘कॉन्ट्रिब्युटरी घेतली’, म्हणजे अपघातात जखमीचाही निष्काळजीपणा होता असा बचाव घेतला, असे म्हणतात. ज्याचा पाय मोडला आहे आणि ज्याची नोकरी सहा महिने बंद आहे, त्याच्या भरपाईतून वीस, तीस किंवा पन्नास टक्के वजा करण्याचा मार्ग या एका शब्दातून जातो. हा शब्द आपल्याकडे कसा रुजला आणि त्याचा अर्थ कुठे सैल झाला, हे समजून घेतल्याशिवाय आजच्या वादांचा उलगडा होत नाही.

अपघाती मृत्यूसाठी वारसांना भरपाई मागता यावी म्हणून १८५५ सालीच कायदा झाला होता, पण दाद दिवाणी न्यायालयातच मागावी लागे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या त्रयस्थ पक्ष विम्याच्या तरतुदी १९४६ साली अमलात आल्या. १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची सोय झाली. या साऱ्या प्रवासात एक गोष्ट मात्र बदलली नाही : समोरच्या चालकाची चूक सिद्ध करण्याचा भार जखमीवरच राहिला.

हा भार हलवण्याचा एक गंभीर प्रयत्न मुंबईतील एका प्रकरणात झाला होता. सार्वजनिक ठिकाणी वाहनाच्या वापरामुळे इजा झाली असेल, तर निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी मालकावर दायित्व येते, असे मत उच्च न्यायालयाने दिले होते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले आणि चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय मालकावर, आणि म्हणून विमा कंपनीवरही, जबाबदारी येत नाही असे सांगितले. पुढच्या पाच वर्षांत संसदेने जे पाऊल उचलले ते या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. १९८२ च्या दुरुस्तीने दोष सिद्ध न करता मिळणारी ठरावीक रक्कम कायद्यात आली : मृत्यूसाठी १५,००० रुपये आणि कायम अपंगत्वासाठी ७,५०० रुपये. रक्कम तुटपुंजी होती, परंतु तिच्यामागचे तत्त्व मोठे होते. अर्जदाराने कोणाची चूक सांगण्याची गरज नाही आणि त्याच्या स्वतःच्या चुकीच्या वाट्यामुळे ही रक्कम कमी होणार नाही, असे कायद्याने स्पष्ट लिहिले. १९८८ च्या कायद्यात हे आकडे २५,००० आणि १२,००० झाले, तर १९९४ साली ५०,००० आणि २५,००० झाले.

१९९४ ची दुरुस्ती इतरही कारणांनी महत्त्वाची ठरली. दावा दाखल करण्याची सहा महिन्यांची मुदत तिने काढून टाकली, तसेच अर्जदाराला आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुभा दिली. घाटात अपघात झालेल्या पुण्याच्या किंवा नागपूरच्या माणसाला केवळ दाव्यासाठी परक्या जिल्ह्यात खेटे घालण्याची गरज त्यामुळे उरली नाही. दोष न पाहता तक्त्यानुसार भरपाई देणारे नवे कलमही तेव्हाच आले. मात्र ते वर्षाला ४०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांपुरते मर्यादित राहिले. ती मर्यादा वर्षानुवर्षे तशीच ठेवण्यात आली आणि महागाईने एका चांगल्या तरतुदीचा जीव हळूहळू काढून घेतला. त्यामुळे मोटारीत, रिक्षात किंवा दुचाकीवर जखमी झालेल्या बहुतेक कमावत्या माणसांना दोष सिद्ध करण्याच्या जुन्याच वाटेने जावे लागले, आणि त्या वाटेवर हा शब्द उभा होता.

‘कॉन्ट्रिब्युटरी’साठी मराठी निकालपत्रांत आणि अर्जांत कधी ‘अंशदायी निष्काळजीपणा’, कधी ‘योगदायी’, तर कधी ‘सहभागी’ असे शब्द येतात. खरा गोंधळ मात्र भाषांतराचा नसून दोन वेगळ्या कल्पना एकमेकींत मिसळण्याचा आहे. जखमी व्यक्तीच्या स्वतःच्या चुकीमुळे अपघात घडण्यास हातभार लागला असेल, तर तो अंशदायी निष्काळजीपणा होय. दोन वाहनचालकांच्या चुकीमुळे तिसऱ्याच माणसाला इजा झाली असेल, तर तो संयुक्त निष्काळजीपणा होय. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हा फरक नेमक्या शब्दांत मांडला. २०१५ साली त्याचा परिणामही स्पष्ट केला : संयुक्त निष्काळजीपणात जखमी व्यक्ती संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकते. त्या दोघांनी आपापसांत वाटणी कशी करायची, हा त्यांचा प्रश्न आहे.

पैशाच्या हिशेबात हा फरक किती मोठा आहे, ते एका कल्पित उदाहरणाने दिसेल. भरपाई १२ लाख रुपये ठरली आणि मोटारचालकाची चूक ३० टक्के, तर ट्रकचालकाची ७० टक्के मानली गेली. जखमी व्यक्ती स्वतः मोटारचालक असेल, तर तिला ट्रकच्या विमा कंपनीकडून ८ लाख ४० हजार रुपये मिळतील. ती त्याच मोटारीत मागच्या आसनावर बसलेली प्रवासी असेल, तर पूर्ण १२ लाख रुपये ती ट्रकच्या विमा कंपनीकडूनच मागू शकते. तरीही प्रवाशाच्या दाव्यात ‘दुसऱ्या गाडीच्या मालकाला सामील केले नाही’ असा आक्षेप घेऊन ३० टक्के वजा करण्याचा आग्रह धरला जातो. मागे बसलेल्या माणसाने स्टिअरिंगला हातही लावलेला नसताना त्याच्या वाट्याला ही कपात का यावी, याचे समाधानकारक उत्तर त्या आक्षेपात नसते.

नियमभंग आणि अपघाताचे कारण यांची सरमिसळ हा या शब्दाचा दुसरा सैलपणा आहे. परवाना नव्हता, एवढ्यावरून चालक अपघातास अंशतः जबाबदार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगितले होते. २०२० च्या एका निकालात मोटारसायकलवर तिघे बसल्याबद्दल उच्च न्यायालयाने केलेली दहा टक्के कपात रद्द झाली. तिघे बसणे हा वाहतूक नियमांचा भंग खचितच आहे, पण त्यामुळेच धडक बसली किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय भरपाईला कात्री लावता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. खालच्या पातळीवर हा कार्यकारणाचा दुवा तपासण्याऐवजी टक्केवारी अंदाजाने ठरते, ही तक्रार जुनी आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते रास्त आहे. समोरासमोर धडक झाली म्हणजे दोघांची निम्मी निम्मी चूक, हे गृहीतक त्याचेच सर्वात ठळक रूप आहे.

टक्केवारी ज्या कागदावर उभी असते तो बहुधा घटनास्थळाचा पंचनामा असतो. अपघातानंतर वाहने जिथे थांबली तिथली मोजमापे त्यात असतात, पण धडकेने फिरलेली किंवा फेकली गेलेली गाडी आधी कोणत्या बाजूने येत होती हे त्यातून दर वेळी कळत नाही. केवळ अशा नोंदीवरून दोष ठरवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले. फौजदारी खटल्यातला ‘भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे’ हा आरोप निःसंशय सिद्ध व्हावा लागतो; भरपाईच्या दाव्यात मात्र शक्यतेचे पारडे कुणीकडे झुकते एवढेच पाहायचे असते. गोव्यातील एका स्कूटरस्वाराच्या मृत्यूच्या प्रकरणात २०१३ साली हीच कसोटी पुन्हा अधोरेखित झाली. चालक निर्दोष सुटला म्हणून दावा आपोआप कोसळत नाही, हे अनेक जखमींना आजही कोणी सांगत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीच्या आणि तिच्याखालील नियमांच्या भरपाईविषयक तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या आणि चित्र पुन्हा बदलले. दोष न पाहता मिळणारी रक्कम मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये झाली. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला देणे बंधनकारक झाले. याच दुरुस्तीने दोन गोष्टी मात्र जखमींच्या विरोधात गेल्या. १९९४ साली काढून टाकलेली सहा महिन्यांची मुदत परत आली; तिच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. शिवाय दोष न पाहता मिळणारी रक्कम विहित पद्धतीने स्वीकारली, की त्याच व्यक्तीचा न्यायाधिकरणापुढील पूर्ण भरपाईचा अर्ज संपुष्टात येतो. १९८२ साली ही रक्कम अंतिम भरपाईच्या आधी हाती पडणारा आधार होती आणि नंतर मोठ्या रकमेतून वळती होत असे. आता गंभीर जखमी माणसापुढे निवड आहे : अडीच लाख रुपये घेऊन थांबायचे, किंवा दोषाच्या टक्केवारीचा वाद अंगावर घेऊन पुढे जायचे. ही निवड त्याला उपचारांची बिले भरत असताना, अपंगत्व नेमके किती राहील हे डॉक्टरांनाही ठाऊक नसताना करावी लागते.