कोट ओस कसा पडला

मुंबईच्या फोर्टला आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी 'कोट' म्हणायची. कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरलेला चाकरमानी राहायचा गिरगाव-लालबागच्या चाळीत आणि शिपाई नाहीतर कारकून म्हणून सकाळी कोटात जायचा. संध्याकाळी हापिसं सुटली की कोट सुना. आजही तेच चित्र आहे. पण ही जागा मुळात अशी नव्हती, इथली माणसं टप्प्याटप्प्याने बाहेर गेली.

१६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला मुंबई बेट वर्षाला १० पौंड भाड्याने मिळालं. पुढच्या शतकात गावाभोवती तट उभा राहिला. त्याला दरवाजे तीन : अपोलो, चर्च आणि बझार. चर्चगेट स्टेशनाच्या नावात त्यातला एक अजून आहे. तटाच्या आत इंग्रज, पारशी, गुजराती व्यापारी अगदी खेटून राहायचे. मुंबादेवीचं जुनं देऊळ आजच्या सीएसएमटीच्या परिसरात होतं, तेही कोटाच्या कामासाठी हलवावं लागलं. देवीलाच जिथे जागा सोडावी लागली, तिथे माणसांचं काय!

मग फेब्रुवारी १८०३ ची आग. बझारगेटकडची दाट वस्ती जळाली आणि सरकारने लोकांना तटाबाहेर घरं बांधायला लावलं. तो भाग 'बाहेरकोट'. मधली जमीन तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली होती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल हे तिचेच उरलेले तुकडे. पोरं आज तिथे क्रिकेट खेळतात ती या तोफांच्या कृपेने.

१८६२ साली बार्टल फ्रेअर गव्हर्नर झाले आणि तट पाडायला सुरुवात झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत धो धो येत होता. माझ्या मते खरा निर्णय इथे झाला. मोकळ्या झालेल्या जागेचा मोठा वाटा घरांना न जाता सार्वजनिक इमारतींना गेला. टांकसाळ (१८२९) आणि टाऊन हॉल (१८३३) आधीच होते. त्यांत हायकोर्ट (१८७८) आणि पुढे जीपीओची (१९१३) भर पडली. रिझर्व्ह बँकेचं मुख्य कार्यालय १९३७ मध्ये कलकत्त्याहून इथे आलं. गोदीचा किनारा तर नौदलाकडेच.

बझारगेटच्या गल्ल्यांत थोडी बिऱ्हाडं अजून टिकून आहेत. आणि सीएसएमटीच्या मागे, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, तटबंदीचा एक दगडी तुकडा उभा आहे. गावी जाणारी गाडी पकडायला लवकर पोचलात, तर तेवढा बघून या.