वाचननोंद आणि टिपणवही: कादंबऱ्या वाचणाऱ्याच्या दोन वेगळ्या वह्या

या वर्षी वाचलेल्या प्रत्येक कादंबरीची नोंद ठेवायची, असं पुष्कळ वाचक जानेवारीत ठरवतात. नवी वही येते. पहिल्या कादंबरीवर तीन पानं लिहून होतात: कथानक, पात्रं, आवडलेले उतारे, आपलं मत. दुसरीवर दोन पानं. तिसरी संपते त्या आठवड्यात घरात गडबड असते, म्हणून ती रविवारवर ढकलली जाते. चौथी तिच्यामागे थांबते आणि होळीच्या आसपास वही बंद पडते. वाचन मात्र चालूच राहतं. यात आळसाचा भाग थोडा असतो. खरी अडचण ही की दोन निराळी कामं एकाच वहीवर लादलेली असतात आणि जड काम हलक्या कामालाही घेऊन बुडतं.

हलकं काम म्हणजे वाचननोंद. कोणती कादंबरी, कोणाची, कोणती प्रत, कधी हातात घेतली, कधी संपली, एवढंच ती सांगते. जड काम म्हणजे टिपणवही. वाचताना काय सापडलं, काय खटकलं, कोणतं वाक्य जवळ ठेवावंसं वाटलं, एका कादंबरीवरून दुसरी कशी आठवली, हे तिच्यात येतं. दोन्हींना आपण सरसकट ‘वाचनाची डायरी’ म्हणतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. नोंद प्रत्येक कादंबरीची व्हायलाच हवी, एकही सुटता कामा नये. टिपण प्रत्येकीचं होणं शक्य नाही आणि व्हायचं कारणही नाही.

हा फरक कळलेल्या वाचकांत चार्ल्स डार्विनचं नाव मी पहिलं घेईन. १८३८ ते १८६० या काळात त्याने वाचनाच्या वह्या ठेवल्या. त्यांत वाचायची पुस्तकं आणि वाचून झालेली पुस्तकं अशा याद्या आहेत. टिपणांची सोय त्याने निराळी केली होती. पुस्तक स्वतःचं असेल तर त्याच्या शेवटी कामाच्या मुद्द्यांची सूची लिहायची, दुसऱ्याचं असेल तर वेगळा सारांश काढून ठेवायचा. अशा सारांशांनी एक मोठा खण भरला होता, असं तो आत्मचरित्रात सांगतो. (कादंबऱ्यांवर त्याचं मनापासून प्रेम होतं. त्या तो घरात वाचून घेई, आणि शेवट दुःखाचा असेल तर ती त्याला चालत नसे.) यादी एकीकडे, सारांश दुसरीकडे, म्हणून यादी इतकी वर्षं टिकली.

आपल्या जवळचं उदाहरण येरवड्याचं आहे. १९२२ ते १९२४ या तुरुंगवासात गांधीजींनी जी रोजनिशी ठेवली, तिच्यात वाचलेल्या पुस्तकांच्या कोरड्या नोंदी आहेत. त्या वाचनाबद्दल सविस्तर त्यांनी लिहिलं ते सुटकेनंतर, ‘यंग इंडिया’तल्या तुरुंगाच्या अनुभवांवरच्या लेखांत. त्या यादीत कादंबऱ्यांचा वाटा लहान आहे, पण रीत आपल्या कामाची आहे: नोंद त्या त्या दिवशी, विचार सवडीने.

आता नोंदीची एक ओळ जवळून पाहू.

‘१४. बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकर. प. आ. १९५५. ग्रंथालयाची प्रत. ३ जून – ६ जून. पु.’

एवढं लिहायला एक मिनिट पुरतं. १४ हा त्या वर्षातला अनुक्रमांक. ‘प. आ.’ म्हणजे पहिली आवृत्ती. ते वर्ष मुद्दाम लिहायचं, कारण हातातली प्रत बहुधा पुनर्मुद्रणाची असते आणि तिच्यावरची तारीख कादंबरी कोणत्या काळातली ते सांगत नाही. मुखपृष्ठ उलटल्यावर हक्क, मुद्रक, आवृत्त्या यांचं जे पान असतं, त्यावर हे सगळं मिळतं. अनेक वाचक ते पान कधी वाचतच नाहीत. नोंद ठेवायला लागलं की ते वाचायची सवय लागते. ‘पु.’ म्हणजे पुनर्वाचन. अर्धवट सोडलेलीसाठी ‘अ.’ आणि ज्या पानावर सोडली तो आकडा.

अनुवाद असेल तर मूळ भाषा आणि अनुवादकाचं नाव याच ओळीत हवं, आणि याबाबत मी आग्रही आहे. बंगाली, कन्नड, रशियन कादंबऱ्या मराठीतून वाचून आपण मूळ लेखकाचं नाव लक्षात ठेवतो, पण जिच्या किंवा ज्याच्या मराठीत ती वाचली त्या माणसाचं नाव महिनाभरात विसरतो. नोंदीत नाव राहिलं तर चार-पाच वर्षांनी दिसतं की आवडलेले अनुवाद एकाच हातचे आहेत, आणि मग त्या अनुवादकाची बाकीची पुस्तकं शोधायचा रस्ता मोकळा होतो.

वर्ष कोणतं धरायचं हा प्रश्न सोपा आहे. कादंबरी ज्या वर्षी संपली त्या वर्षात ती जाते, डिसेंबरात सुरू झाली असली तरी. काहीजण दिवाळी ते दिवाळी असं वर्ष धरतात. तेही छान चालतं, फक्त एकदा धरलं की बदलू नये.

खरी कसोटी लागते ती कादंबरी कशाला म्हणायचं यावर. दिवाळी अंकात ‘संपूर्ण कादंबरी’ असा मथळा घेऊन साठ-सत्तर पानांचा मजकूर येतो. तो पुस्तकरूपाने पुढे येईल किंवा येणारही नाही. तो नोंदवायचा का? माझ्या मते नोंदवायचाच, अंकाचं नाव आणि वर्ष घालून. मराठी कादंबरी नियतकालिकांच्या अंगणातच वाढली आहे. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यांच्या कादंबऱ्या तिथून क्रमशः वाचकांच्या हाती पडल्या. ‘पुस्तक असेल तरच कादंबरी’ असा नियम केला, तर आपल्याच वाचनाचा मोठा भाग वहीबाहेर राहतो. दीर्घकथा आणि लघुकादंबरी यांच्या सीमेवर फार वेळ घालवू नये. अंकाने किंवा प्रकाशकाने जे म्हटलं असेल ते लिहावं आणि पुढे जावं.

ऐकलेल्या कादंबरीचंही तसंच. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं ॲप भारतात आलं आणि मराठी कादंबऱ्या कानाने वाचणारे कितीतरी लोक तयार झाले: लोकलमध्ये, स्वयंपाक करताना, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर. ती नोंद ‘ऐकली’ असा शेरा आणि ती वाचून दाखवणाऱ्याचं नाव घालून त्याच यादीत जावी.

टिपणवहीचं तंत्र अगदी वेगळं आहे. नोंद तारखेच्या क्रमाने चालते. टिपणं त्या क्रमाने ठेवली तर पुन्हा सापडतच नाहीत. ती विषयाने लावावी लागतात. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने यावर एक पद्धत काढली आणि १६८६ मध्ये ती फ्रेंचमध्ये छापून आली. टिपणाला एक विषयशब्द द्यायचा. त्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर, या जोडीने वहीच्या सुरुवातीच्या सूचीत एक घर ठरतं, आणि त्या घरात पानाचा क्रमांक लिहायचा. वहीत पानं आधीपासून वाटून ठेवावी लागत नाहीत. जे पान रिकामं असेल ते घ्यायचं, सूची ते शोधून देते.

रोमन लिपीत ही जोडी जुळवावी लागते. देवनागरीत ती आयती मिळते, कारण आपल्या अक्षराला स्वर चिकटलेलाच असतो. ‘दुष्काळ’ हा शब्द ‘दु’च्या घरात, ‘देशांतर’ ‘दे’च्या, ‘शिक्षक’ ‘शि’च्या. उभ्या ओळींत व्यंजनं, आडव्या ओळींत बाराखडी, असा एका पानाचा तक्ता आखला की आयुष्यभराच्या टिपणांची सूची तयार. लॉकच्या तक्त्यापेक्षा हा अधिक नेमका आहे असं मला मनापासून वाटतं, आणि कागदावर टिपणं ठेवणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाने तो करून पाहावा.

‘शि’च्या घरातलं एक पान घेऊ. विषयशब्द: शिक्षक. पहिलं टिपण ‘बनगरवाडी’चं: धनगरांच्या वस्तीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर, जिथे शाळेला मुलंच नाहीत, गावाने हळूहळू त्याला आपला मानणं, शेवटी दुष्काळात वस्तीच उठून जाणं. त्याखाली, कितीतरी महिन्यांनी लिहिलेलं, सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’चं टिपण: एम.ए., बी.एड. झालेला एकनाथ, संस्थेला द्यायला पैसे नाहीत म्हणून मास्तरकी नाही, आणि पोट भरत नाही अशा शेतीला जुंपलेला. एका कादंबरीत शिक्षक आहे आणि मुलं नाहीत. दुसरीत पदवी आहे आणि शाळा दार उघडत नाही. पहिली १९५५ची, दुसरी २००२ची. हे दोन परिच्छेद एका पानावर आले की मधल्या काळात गावातल्या शिकलेल्या माणसाचं काय झालं, हा प्रश्न आपोआप समोर येतो. तारखेने लावलेल्या वहीत हे दोन परिच्छेद कधीच शेजारी आले नसते. टिपणवहीचं सगळं मोल या शेजारात आहे.

नोंदीचं मोल कळतं ते वर्ष संपताना. पान उघडून नुसत्या ओळी मोजायच्या: यात बायकांनी लिहिलेल्या किती? अनुवादित किती, आणि कोणकोणत्या भाषांतून? १९६० आधीच्या किती? पुण्या-मुंबईबाहेरच्या भागातल्या, विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या, गोव्यातल्या लेखकांच्या किती? आपण सगळ्या प्रकारचं वाचतो अशी प्रत्येक वाचकाची समजूत असते. यादी ती तपासून देते. पुढच्या वर्षी काय वाचायचं हे ठरवायला यापेक्षा चांगला आधार नाही. टिपणवहीला हे प्रश्न विचारता येत नाहीत, कारण तिच्यात फक्त बोललेल्या कादंबऱ्या असतात. ज्या गप्प राहिल्या, त्याही आपण वाचल्या होत्या, आणि त्यांचाही हिशेब लागतो.

तारखांतूनही पुष्कळ कळतं. चार दिवसांत संपलेली जाडजूड कादंबरी आणि दोन महिने रेंगाळलेली बारीकशी कादंबरी, दोन्हींबद्दल तारखाच सांगतात. म्हणून सुरुवातीची तारीख गाळू नये.

मत नोंदीत लिहावं का? एका शब्दाचंसुद्धा नको, असं माझं म्हणणं आहे. तारे तर नकोतच. पुस्तक मिटल्यावर लगेच दिलेले पाच तारे तीन वर्षांनी खरे राहतील याचा भरवसा नसतो, आणि एकदा दिले की पुनर्वाचनाच्या वेळी ते आधीच कानात बोलू लागतात. ‘कोसला’ विशीत वाचणारा आणि पन्नाशीत वाचणारा वाचक एकच नसतो. नोंदीने दोन्ही तारखा जपाव्यात आणि मत टिपणवहीवर सोपवावं, जिथे ते कारणांसकट येईल.

मोबाईलवर नोंद ठेवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवायचं गुडरीड्स हे संकेतस्थळ २००७ पासून चालू आहे, २०१३ मध्ये ते ॲमेझॉनने घेतलं, आणि इंग्रजी पुस्तकांसाठी ते सोयीचं आहे. मराठी कादंबरीच्या मात्र तिथे रोमन आणि देवनागरी अशा वेगवेगळ्या नोंदी सापडतात, अनुवादकाचं नाव कुठे असतं, कुठे नसतं, दिवाळी अंकातल्या कादंबरीला तर जागाच नाही. साधी स्प्रेडशीट आपल्या रकान्यांची असते, म्हणून मराठी वाचकाला ती बरी. दुसरी गोष्ट वर्षाच्या उद्दिष्टाची. ‘यंदा पन्नास पुस्तकं’ असा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की हात आपोआप पातळ पुस्तकांकडे वळतो आणि सहाशे पानांची कादंबरी कपाटातच राहते. नोंद मागे वळून पाहण्यासाठी आहे. पुढे पळवण्यासाठी तिचा वापर करू नये.

दोन्ही वह्या जमतील त्याने दोन्ही ठेवाव्यात. एकच जमणार असेल तर नोंद ठेवावी. टिपण मागाहून, पुस्तक पुन्हा उघडून करता येतं. गेल्या वर्षी पावसाळ्यात काय वाचलं हे मागाहून कोणाला विचारणार?

दोन्ही ठेवल्या तर त्यांना जोडायला एक आकडा पुरतो. टिपणाच्या डोक्यावर वर्ष आणि नोंदीतला अनुक्रमांक घालायचा, जसं २४/१४, म्हणजे २०२४ मधली चौदावी कादंबरी. लेखक, आवृत्ती, तारखा टिपणवहीत पुन्हा उतरवायची गरज उरत नाही. उलट बाजूने, नोंदीच्या ओळीशेवटी एक लहानसा ‘टि.’ लिहायचा, की हिचं टिपण आहे. ज्या ओळीपुढे ‘टि.’ नाही तिच्याबद्दल मनात रुखरुख ठेवायची नाही. ती नोंद आपल्या जागी पूर्ण आहे. सुरुवात करायला जानेवारीची वाट पाहू नये. सध्या उशाशी जी कादंबरी आहे तिचं नाव आणि हाती घेतल्याची तारीख आजच लिहावी, ‘संपली’चा रकाना मोकळा सोडावा.