बॅटरी मरते उन्हाळ्यात, कळतं थंडीत

जानेवारीत निफाडला पारा पाच अंशांखाली गेला की पहाटे गाड्या अडतात. सेल्फ मारला की नुसती टकटक होते, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात आणि मालक थंडीला बोल लावतो. थंडीमुळे बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातलं ऑइलही घट्ट होतं, हे खरं. पण धडधाकट बॅटरी एवढं सहज सोसते. जी अडते, तिचं आयुष्य आधीच्या एप्रिल-मे महिन्यांनी खाल्लेलं असतं.

ही बॅटरी म्हणजे १८५९ साली गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचीच वंशज. आत सहा सेल, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. धन पट्टीवर लेड डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसं आणि मध्ये पातळ केलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड. वीज खर्च होताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं, अ‍ॅसिड आणखी पातळ होतं. चार्जिंग करताना हेच उलट घडतं. धन पट्टीची शिशाची जाळी मात्र हळूहळू गंजत असते, आणि तो गंज परत फिरत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की गंजण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. चंद्रपुरात बाहेर ४५ अंश असताना बॉनेटखाली काय असेल, याचा विचार करा. शिवाय उष्णतेने आतलं पाणीही कमी होतं. म्हणून उष्ण प्रदेशांसाठीच्या बॅटऱ्यांत अ‍ॅसिड मुद्दाम थोडं कमी तीव्र भरतात.

दुसरा शत्रू म्हणजे नुसती उभी गाडी. अलार्म, घड्याळ, संगणक बंद गाडीतही थोडी वीज पीत असतात. हा प्रवाह ३० मिलिअ‍ॅम्पियर धरला, तर महिन्याला सुमारे २१ अ‍ॅम्पियर-तास जातात. लहान कारची बॅटरी असते ३५ची. अशी अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच राहिली तर सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कडक होतात आणि मग चार्जिंगलाही दाद देत नाहीत. गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारून आणल्याने ती भरत नाही, हेही सांगायला हवं.

बदलण्याआधी मोजावं. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. पण हा आकडा फसवू शकतो: म्हातारी बॅटरीही १२.६ दाखवते आणि सेल्फ मारताच कोसळते. तेव्हा तो ९.६ च्या खाली गेला तर संशय पक्का समजा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसत नसेल, तर दोष अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा, असू शकतो. अशा वेळी नवी बॅटरी घातली तर तीही काही दिवसांत उतरेल. दुकानदार ही तपासणी न करताच बॅटरी विकत असेल, तर दुकान बदलावं.

निवडताना दोन आकडे बघा. अ‍ॅम्पियर-तास म्हणजे टाकी केवढी, आणि सीसीए (कोल्ड क्रँकिंग अ‍ॅम्प्स, थंडीत सेल्फला एका दमात मिळणारा प्रवाह) म्हणजे तोटी किती मोठी. सीसीए उणे १८ अंशांवर मोजतात. महाराष्ट्रात तशी थंडी पडत नाही, तरी एकाच मापाच्या दोन बॅटऱ्यांची ताकद तुलायला हा आकडा उपयोगी पडतो. डिझेल गाडीला तो जास्त लागतो. ट्रेमध्ये बसत असेल तर क्षमता थोडी जास्त असली तरी अल्टरनेटरचं काही बिघडत नाही. बॅटरीवरच्या कोडच्या शेवटी एल किंवा आर असतं, ती टर्मिनलची बाजू. चुकीची आणली तर वायर पोचत नाही, आणि ओढूनताणून उलटी जोडली तर गाडीचे इलेक्ट्रॉनिक्स जातात. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार चालू-बंद सोसणाऱ्या प्रकारची बॅटरीच लागते. स्वस्तातली साधी बॅटरी तिथे फार टिकत नाही. आणि उत्पादनाची तारीख वाचा. गोदामात पडून राहिलेली बॅटरीही आपोआप उतरत असते, उन्हाळ्यात तर जास्तच.

काढताना आधी ऋण टर्मिनल सोडवा, बसवताना ते शेवटी जोडा. गाडीची सगळी बॉडी ऋण असते. धन नट फिरवताना पाना बॉडीला टेकला आणि ऋण वायर जोडलेली असली तर शॉर्ट होऊन ठिणगी उडते, आणि जवळपास चार्जिंगमधून निघालेला हायड्रोजन असू शकतो. टर्मिनलवरचा निळसर-पांढरा थर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा आणि कोरडं करून वर पेट्रोलियम जेली लावा. पाणी भरायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. अ‍ॅसिड कधीही नाही, कारण उडून जातं ते पाणी.

जुनी बॅटरी दुकानातच द्या. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसंच असतं, म्हणून बदल्यात किंमत कमी होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारात गेलेली बॅटरी कुठल्या तरी उघड्या भट्टीत वितळते, आणि शिशाची बाधा सर्वांत जास्त होते ती आसपासच्या लहान मुलांना.