चाकांचे अलाइनमेंट (जुन्या मोटारींतील)

मोटारीची पुढची चाके एकमेकांशी, रस्त्याशी आणि स्टिअरिंगच्या अक्षाशी ज्या कोनांत उभी असतात, त्यांची जुळणी. टो (वरून पाहता चाकांचे आत वा बाहेर वळलेले असणे), कँबर (समोरून पाहता चाकाचा कल) व कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) हे तिचे मुख्य कोन. नागपुरात जपलेल्या अँबॅसडर (१९५७, काहींच्या मते १९५८, ते २०१४) आणि फियाट-पद्मिनी यांच्या संदर्भात हा विषय महत्त्वाचा ठरतो.

वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळवणाऱ्या भूमितीला आकरमान यांचे नाव मिळाले, पण ते वादग्रस्त आहे. रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतले ते म्युनिकचे घोडागाडी-कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांचे प्रतिनिधी म्हणून. इरॅस्मस डार्विन यांनी ही कल्पना सुमारे १७५८-५९ मध्येच योजल्याचे मानले जाते. तरी तिचा पुढील प्रसार पाहता रचनेचे श्रेय लांकेनश्पेर्गर यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या या गाड्यांत रस्त्याचा रोध पुढची चाके मागे रेटतो, म्हणून उभ्या गाडीत थोडा टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत) ठेवतात. टाय रॉडचे (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) एंड झिजले की चालत्या गाडीत तो नाहीसा होतो. यंत्रावर माप बरोबर येते आणि गाडी मात्र टायर खात राहते. टायरवर आडवा हात फिरवल्यास एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने धारदार लागते. चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या आर्मचे बुश (सांध्यातील रबरी कडे) गेल्यास चाक मागे सरकून कॅस्टर घटतो व वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही. अँबॅसडरचा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणारी सळई) बसला की उंचीबरोबर कँबरही बदलतो.

म्हणून झिजलेले भाग बदलण्याआधी केलेले अलाइनमेंट व्यर्थ होय. परीक्षा सोपी आहे: जॅक लावून चाक वरच्या व खालच्या कडेला धरून हलवावे आणि दुसऱ्याने ब्रेक दाबावा. खेळ (ढिली हालचाल) थांबला तर दोष बेअरिंगचा. राहिला तर किंग पिनचा (चाक ज्याभोवती वळते त्या खिळीचा) किंवा आर्मच्या सांध्यांचा.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसवर जातो. अशा उन्हात रबरी बुश लवकर कडक होऊन तडकतात. नवे बुश बसवताना त्यांचे नट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळावेत. जॅकवर आवळल्यास रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.